गंधक 'कमी' म्हणजे किती?

११ जुलै २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि देशातल्या कोळशावर चालणाऱ्या सुमारे ७८ टक्के वीजसंचांची एफजीडी बसवण्यातून सुटका झाली. एफजीडी म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी यंत्रणा. डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार ती दोन वर्षांत बसायला हवी होती. मुदत वाढत गेली आणि शेवटी बहुतेकांना तिची गरजच नाही असं ठरलं. या काळात वीज उद्योग सरकारदरबारी जी बाजू मांडत राहिला, तिचा मोठा भाग एका वाक्यात मावतो: भारतीय कोळशात गंधक कमीच असतं.

वाक्य खरं आहे. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का. पण हा टक्का वजनाचा आहे, विजेचा नाही. आपल्या कोळशात राख भरपूर आणि उष्णता कमी, त्यामुळे एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणूच्या वीजकेंद्राएवढं, ५०० मेगावॉटचं केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चाललं तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते, त्यासाठी ८,४०० टन कोळसा जातो, आणि त्यात गंधक येतं ४२ टन. गंधकाचा अणुभार ३२ आणि त्याला जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या दोन अणूंचा मिळून ३२, म्हणून जळल्यावर वजन दुप्पट. थोडं राखेत अडकतं असं धरलं तरी एका दिवसाला ८० टन वायू चिमणीतून बाहेर पडतो.

दुसरा मुद्दा असा मांडतात की चिमण्या उंच आहेत आणि जमिनीलगतच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच सापडतो. सापडणारच. उंच चिमणी वायू नाहीसा करत नाही, लांब पाठवते. वाटेत ढगांच्या थेंबांत तो विरघळतो, हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडते आणि त्याचं सल्फेट बनतं. मग शेतातून, गोठ्यातून येणाऱ्या अमोनियाशी जुळून अमोनियम सल्फेटचे कण होतात, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, थेट फुप्फुसात उतरणारे. चिमणीपासून शेकडो किलोमीटरवर ते श्वासात जातात, तेव्हा तिथलं यंत्र त्यांची नोंद 'पीएम २.५' या खात्यात करतं. सल्फर डायऑक्साइडचा आकडा मात्र निर्मळ राहतो.

कोकणाला यात सांगण्यासारखं काही आहे, कारण एफजीडीची एक सुंदर पद्धत आपल्या किनाऱ्यावर चालू आहे. डहाणूच्या केंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो.

समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, सामू (पीएच) ८ च्या आसपास. त्याचं कारण त्यातलं बायकार्बोनेट. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की फसफसतं, तीच अभिक्रिया इथे मनोऱ्याएवढ्या टाकीत घडते. वरून पाण्याचा फवारा पडतो, खालून धूर चढतो. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतं आणि पाण्याचा सामू धाडकन खाली येतो. हे आंबट पाणी तसंच सोडलं तर खाडीतली मासळी मरेल. म्हणून ते मोठ्या हौदात नेऊन, केंद्र थंड करायला वापरलेल्या बाकीच्या समुद्राच्या पाण्यात मिसळतात आणि खालून हवा फुंकतात. हवेतल्या ऑक्सिजनने सल्फाइटचं सल्फेट होतं, बायकार्बोनेट आम्ल मारतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू पुन्हा वर येतो.

आता हिशेब. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.३ मिलिमोल बायकार्बोनेट (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं माप). सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूला त्याचे दोन लागतात, म्हणजे एक लिटर पाणी जेमतेम ७४ मिलिग्रॅम वायू पचवतं. ८० टनांसाठी रोज शंभर कोटी लिटरच्या वर पाणी हवं. आकडा अशक्य वाटतो, पण एवढ्या केंद्राला थंड करायलाच त्याहून जास्त समुद्राचं पाणी लागतं. ते आधीच पंपाने ओढलेलं असतं! शिवाय समुद्रात लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम सल्फेट मुळातच असतं, त्यात भर पडते शंभरेक मिलिग्रॅमची. एफजीडीने कार्बन वाढतो हा आक्षेपही तपासून पाहावा. या अभिक्रियेतून रोज ११० टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळसा जळताना निघणाऱ्याच्या हा सुमारे एक टक्का.

या पाण्याने मासळीला धोका होईल ही मच्छीमारांची शंका तरीही रास्त आहे. सोडलेल्या पाण्याचं तापमान, विरघळलेला ऑक्सिजन आणि पारा सतत मोजायलाच हवा. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं तेव्हा बायकार्बोनेटचं गणित नव्याने मांडावं लागतं.

ही यंत्रणा आपसूक आली नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की एफजीडीची अट परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नये. १९९५ मध्ये केंद्र सुरू झालं ते एफजीडीविनाच. १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं, त्याने पाठपुरावा केला, आणि २००७ मध्ये एफजीडी चालू झाली. बारा वर्षं चिकूच्या वाड्यांवरून तो धूर गेला.

वाडीत फळ गळलं की कुणी नजर लागली म्हणतं, कुणी मोबाईल टॉवरकडे बोट दाखवतं. दोन्हींना काही आधार नाही. पण प्रत्येक वाईट हंगामाचं खापर चिमणीवर फोडणंही शास्त्राला धरून नाही. अवकाळी पाऊस आणि कीड यांचा वाटा वेगळा काढावाच लागतो. 'स्वच्छ कोळसा' हा जाहिरातीतला शब्द तितकाच पोकळ आहे.

लॉबिंग, म्हणजे सरकारदरबारी आपली बाजू लावून धरणं, हा काही गुन्हा नव्हे. बागायतदार संघ निवेदन देतो, मच्छीमार सोसायटी मंत्र्यांना भेटते, तसा उद्योगालाही आपला खर्च सांगण्याचा हक्क आहे. प्रश्न आहे तो काय मागितलं आणि कोणत्या आकड्यांवर, हे उघड असण्याचा. भारतात लॉबिंगची नोंद ठेवणारा कायदा नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांना जबाबदारी अहवाल सक्तीचा केला आहे आणि त्याचं सातवं तत्त्व नेमकं हेच सांगतं: धोरणावर प्रभाव टाकायचा तर जबाबदारीने आणि पारदर्शकपणे. मात्र त्यात सक्तीचं आहे ते कोणत्या व्यापारी संघटनांचं सदस्यत्व आहे हे सांगणं. सरकारकडे कोणती भूमिका मांडली, हा रकाना ऐच्छिक आहे. तो सक्तीचा करावा, आणि 'गंधक कमी' असं लिहिणाऱ्याने त्यापुढे युनिटमागे किती ग्रॅम सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तेही लिहावं.