मशीनला वास येतोय? कसला वास, ते आधी ओळखा

वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"मशीनला घाण वास येतो" एवढंच फोनवर कळलं, तर घरी आलेल्या कारागिराचा पहिला अर्धा तास नुसता शोधण्यात जातो. आपल्या भाषेत वासांना नावं आहेत. कुबट, खवट, वशट, करपट, सडक्या अंड्यासारखा. यातलं प्रत्येक नाव मशीनच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतं. वासाचं नाव ठरलं की निम्मं काम झालं, आणि उरलेलं निम्मं बऱ्याचदा घरच्या घरी करता येतं. सुगंधी पावडर किंवा जास्तीचं कंडिशनर घालून वास दाबायला मात्र जाऊ नका. कुबट वास तर त्यानेच वाढतो.

कुबट वास: वॉशिंग मशीन

फ्रंट लोड मशीनचा हा सगळ्यात नेहमीचा त्रास. दार उघडल्याबरोबर ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. कपड्यांचा मळ, अंगाचं तेल, न विरघळलेला साबण आणि कंडिशनर यांचा बुळबुळीत थर ड्रमच्या बाहेरच्या टबला आतून चिकटतो आणि त्यावर जंतू व बुरशी वाढते. रोज ३० अंशांवर किंवा गार पाण्यात धुतलं, की हा थर कधी सुटतच नाही. वर धुणं झाल्यावर दार घट्ट लावून ठेवलं, तर आत कायम पावसाळा!

आधी दाराचं रबर बघा. खालच्या बाजूला रबराची घडी दोन्ही हातांनी पुढे ओढून उलटी करा. आत केस, धाग्यांचा लगदा, कधी बाळाचा मोजा आणि करड्या रंगाचा चिकट साका सापडेल. घडीच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती बुजली की तिथे पाणी साचून राहतं. सगळं ओल्या फडक्याने पुसून काढा. काळे ठिपके असतील, तर साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग अशा मिश्रणात फडकं भिजवून घडीत १५–२० मिनिटं दाबून ठेवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. नंतर स्वच्छ पाण्याने पुसा आणि मशीन रिकामं ठेवून एक रिन्स चालवा. रबरात मुरलेले डाग पूर्ण जात नाहीत, पण वास जातो. काळ्या डागांसाठी गॅस्केट (हेच दाराचं रबर) बदलायची गरज नसते. ते फाटलं असेल किंवा दारातून पाणी गळत असेल, तरच बदलावं.

मग पावडरचा कप्पा. मधली खटकी दाबली की तो पूर्ण बाहेर येतो. कप्पा धुतला तरी तो जिथे बसतो त्या पोकळीचं छत बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. मोबाइलचा टॉर्च लावून वर बघा. पाण्याच्या भोकांभोवती काळी बुरशी दिसेल. जुन्या टूथब्रशने ती घासून काढा.

तिसरी जागा म्हणजे खाली उजवीकडे छोट्या झाकणामागे असलेला पंपाचा फिल्टर. बोर्डावरचं बटण बंद करा, नळ बंद करा. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर पाणी निवू द्या, नाहीतर हात भाजेल. फरशीवर पसरट ताट ठेवा, शेजारी छोटी नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा, मग फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. लिटर-दोन लिटर पाणी येईल आणि त्याचाच वास सगळ्यात उग्र असेल. नाणी, हेअरपिना, सेफ्टी पिना, गुंड्या, टिकल्यांचं पाकीट, सगळं इथेच अडकतं. आतला पंखा बोटाने फिरवून बघा. तो सलग न फिरता थांबत-अडखळत फिरेल. पंपात चुंबक असल्यामुळे तसं होतं, तो बिघाड नव्हे. फिल्टर परत बसवताना आटे सरळ बसलेत आणि रबरी कडी जागेवर आहे, याची खात्री करा. हे काम महिन्यातून एकदा.

शेवटी टब. मशीन रिकामं ठेवून ड्रममध्येच १०० ग्रॅम सोडियम परकार्बोनेट टाका (रंगीत कपड्यांना चालणाऱ्या डाग काढायच्या पावडरींमध्ये मुख्यतः हेच असतं) आणि टब क्लीन किंवा ६० अंशांच्या वरचा सगळ्यात लांब प्रोग्राम लावा. बऱ्याच टॉप लोड मशीनना हीटर नसतो. त्यात गीझरचं कडकडीत पाणी बादल्यांनी भरा (उकळतं नको), पावडर घालून पाच मिनिटं फिरवा आणि तासभर तसंच भिजू द्या. तपकिरी-करडे, ओल्या कागदासारखे पापुद्रे तरंगत वर आले तर घाबरू नका. हाच तो थर. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा रिन्स करा, नाहीतर पुढच्या धुण्यात पांढऱ्या शर्टावर काळे कण दिसतील. टॉप लोडमध्ये जाळीची पिशवी दर धुण्याला उलटी करून धुवायची, हे वेगळं सांगायला नको.

हा थर वास देऊन थांबत नाही. फ्रंट लोडमध्ये ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. साबणाचा साका त्यावर वर्षानुवर्षं बसून राहिला की तो धातू पोखरला जातो, आणि स्पायडर तुटला की मशीन सगळं उघडावं लागतं. महिन्यातून एक गरम धुणं त्यापुढे काहीच नाही.

साबण किती?

हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका, फेस जास्त होतो. मशीन फेस मोडण्यात वेळ घालवतं आणि साबण आत राहून जातो. पाकिटावरच्या मापाने सुरुवात करा आणि ही तपासणी करा: धुऊन निघालेला टॉवेल अर्ध्या बादली स्वच्छ पाण्यात बुडवून पिळा. फेस आला तर साबण जास्त होतोय. पुढच्या वेळी पाव भाग कमी घाला आणि पुन्हा बघा.

देशावर काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुधा जड (कठीण) असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि त्याला साबण जास्त लागतो. टँकरचं पाणीही पुष्कळदा बोअरचंच. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी त्या मानाने हलकं. त्यामुळे पुण्यातल्या बहिणीचं माप रत्नागिरीतल्या बहिणीला लागू पडत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी मशीनला जड असू शकतं. टीडीएस मीटर पाण्यातले एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा नव्हे. त्यासाठी वेगळ्या पट्ट्या मिळतात.

कपड्यांना वास, मशीनला नाही

कपडा सुकल्यावर ठीक असतो, पण घाम लागला किंवा इस्त्री फिरली की कुबट वास उठतो. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जंतू ओल्या कपड्यात वाढून हा वास तयार करतो, असं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. हा जंतू सुकल्यानेही सहज मरत नाही, म्हणून त्याच कपड्यांना तो वास परत परत येतो. टॉवेल, बनियन, पायपुसणी ६० अंशांवर धुवा. धुणं झाल्यावर तासाभरात बाहेर काढा. पावसाळ्यात जास्तीचा स्पिन द्या, दोरीवर दोन कपड्यांमध्ये वीतभर जागा सोडा आणि पंखा लावा.

सडक्या अंड्यासारखा वास

हा वास बहुतेक वेळा मशीनचा नसतोच, गटाराचा असतो. आधी नळाचं पाणी पेल्यात घेऊन हुंगा. बोअरच्या पाण्यालाच कधी असा वास असतो. तसं नसेल तर ड्राय बाल्कनीतल्या नहाणी ट्रॅपकडे बघा. ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी गटारातला वायू अडवून धरतं. आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आलं की ते पाणी आटतं आणि वास थेट वर येतो. दोन तांबे पाणी ओता, थोड्या वेळात फरक कळेल.

मशीनचा ड्रेन पाइप भिंतीतल्या पाइपात खोलवर खुपसून चिकटपट्टीने बंद केलेला असेल तर तो मोकळा करा. वीतभर आत पुरे, आजूबाजूने हवा जायला जागा हवी. नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जातं किंवा टबमधलं पाणी आपोआप निघून जातं आणि मशीन भरतच राहतं. फ्रंट लोडचा पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून गेला पाहिजे.

खवट आणि वशट वास: डिशवॉशर

खवट वास म्हणजे जुनं तेल. आपल्या स्वयंपाकात फोडणीचं तेल भरपूर, आणि रोज ५० अंशांचा इको प्रोग्राम लावला की ते पूर्ण सुटत नाही. आठवड्यातून एकदा ६५–७० अंशांचा प्रोग्राम लावाच. तळातला फिल्टर घड्याळाच्या उलट फिरवून वर उचला. नळकांडं आणि सपाट जाळी असे दोन भाग वेगळे होतात. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी वापरलीत तर बारीक जाळी फाटेल. परत बसवताना फिल्टर घट्ट बसल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. सैल राहिला तर भाताची शितं पंपात जातात. जिरे-मोहरी फवारणीच्या पंख्याच्या भोकांत अडकतात. पंखा काढून नळाखाली धरा, सगळ्या भोकांतून धार येते का बघा आणि अडलेलं भोक टूथपिकने मोकळं करा.

दाराच्या खालच्या कडेवर फवारा पोचत नाही. तिथल्या रबराखाली आमटीचा वाळलेला थर असतो आणि फिल्टर साफ करूनही जाणारा नाही असा वास तिथूनच येतो. ओलं फडकं फिरवा.

मासे किंवा अंड्याची भांडी रात्रभर आत कोंडून ठेवली की वशट वास काचेच्या पेल्यांनाही लागतो. खरकटं, काटे काढा, लगेच पूर्ण प्रोग्राम लावायचा नसेल तर नुसता रिन्स चालवा.

पेल्यांवर पांढरी झाक आली तर लिंबाचा थेंब चोळा. झाक गेली तर ते क्षार आहेत. पाणी मऊ करणारं डिशवॉशरचं मीठ संपलंय, मिठाच्या टाकीचं झाकण सैल आहे किंवा मशीनमधली कठीणपणाची सेटिंग कमी आहे. लिंबानेही गेली नाही तर काचच झिजली आहे, ती परत येत नाही. मीठ डिशवॉशरचंच घाला. खायच्या मिठातल्या मिसळलेल्या पदार्थांनी आतली यंत्रणा खराब होते. मीठ भरल्यावर लगेच प्रोग्राम लावा, सांडलेल्या खाऱ्या पाण्याने स्टीलला गंज चढतो. क्षार काढायला रिकाम्या मशीनमध्ये १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, ६० अंशांवर, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. दर महिन्याला पैसे देऊन करून घेण्यासारखं हे काम नाही.

ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडला तर मशीनचा दोष नाही, साबणातल्या अल्कलीने तसं होतं. चिंच घालून पाणी उकळा, डाग निघेल. पितळ, तांबं आणि लोखंडी तवा हातानेच घासा.

ब्लीच आणि लिंबूफूल कधीही एकत्र नको

ब्लीचमध्ये लिंबूफूल, व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. आज ब्लीच वापरलंत तर मधे पूर्ण रिन्स करा आणि ॲसिडचं काम दुसऱ्या दिवशी ठेवा.

करपट वास: इथे थांबा

रबर जळल्यासारखा वास गोधडी किंवा रजई धुताना आला, तर वजन जास्त होऊन बेल्ट घसरतोय. अर्धं सामान काढा. प्लॅस्टिक किंवा वायर जळल्याचा वास असेल तर प्लगला हात न लावता घरातला एमसीबी (मुख्य बोर्डावरचा खटका) पाडा. "परत लावून बघू" असं करू नका. २००० वॅटचा हीटर साधारण पावणेनऊ अँपियर ओढतो, म्हणून १६ अँपियरचाच सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. पावसाळ्यात उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात. मशीनला खालून जाळी नसेल तर सांगा, बसवून देऊ.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: वासाचं नाव, तो मशीन चालू असताना येतो की बंद असताना, पाणी पालिकेचं की बोअर-टँकरचं, आणि दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर.