दाताचा कागद फाइलमध्ये शेवटी का लागतो

परळला सकाळी आठच्या सुमाराला हॉस्पिटलांच्या गेटबाहेर उभं राहिलं, तर कडेवर मूल आणि काखेत प्लॅस्टिकची फाइल घेतलेले आईबाप हमखास दिसतात. कोणी शिवडीहून चालत आलेले, कोणी रात्रभर कोकणातून प्रवास करून दादरला उतरलेले. फाइल नीट लावलेली असते. इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट तारीखवार, वजनाच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या. मुलाच्या हृदयाला भोक कुठे आहे आणि किती मिलिमीटरचं आहे, हे चौथी शिकलेली आईसुद्धा घडाघडा सांगते. दाताचा कागद मात्र या फाइलमध्ये बहुतेकदा शेवटी लागतो, तोही ऑपरेशनची तारीख जवळ आल्यावर. ‘डेंटल फिटनेस आणा’, म्हणजे दात-हिरड्या ठीक असल्याचा डेंटिस्टचा दाखला आणा, असं सांगितलं जातं आणि घरात पहिल्यांदाच विषय निघतो: भोक हृदयाला आहे, मग दात कशाला दाखवायचे?

प्रश्न चुकीचा नाही. तोंडाचं आणि हृदयाचं हे नातं डॉक्टरांनाही एका दिवसात उमगलेलं नाही.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एंडोकार्डायटिस या आजारावर व्याख्यानं दिली, तेव्हापासून या नात्याचा नीट माग काढता येतो. एंडोकार्डायटिस म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तरावर, मुख्यतः झडपांवर, जंतूंचे गोळे साचणं. आठवडेच्या आठवडे बारीक ताप, अशक्तपणा, आणि मग एखादा कण सुटून मेंदूकडे किंवा मूत्रपिंडाकडे. पेनिसिलिन येण्याआधी हा आजार झालेला माणूस सहसा वाचत नसे. लंडनच्याच थॉमस हॉर्डर यांनी १९०९ मध्ये आपल्या रुग्णांचा तपशील मांडला, तेव्हा रक्तात सापडणारे जंतू बरेचदा तोंडात मुक्कामाला असणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या जातीचे असल्याचं पुढे आलं.

इथे थोडं भरकटल्यासारखं झालं. १९१० मध्ये विल्यम हंटर यांनी दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांखाली साचणाऱ्या पुवावर घणाघाती भाषण केलं, आणि पुढची काही दशकं सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशावरही दात उपटणं हा उपाय होऊन बसला. धडधाकट दात गमावलेल्यांची संख्या मोजदादीच्या पलीकडे असावी. या अतिरेकाची प्रतिक्रिया म्हणून नंतर ‘दाताचा आणि बाकी शरीराचा काही संबंध नाही’ असं उलट टोकही आलं. आपल्याकडे मेडिकल कॉलेज वेगळं, डेंटल कॉलेज वेगळं, त्यामुळे ते टोक इथे सहज रुजलं.

खरी मोजणी झाली १९३५ मध्ये. ओकेल आणि एलियट या दोघांनी दात काढल्यावर लगेच रुग्णांचं रक्त तपासलं. निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात तोंडातले जंतू सापडले. हिरड्या जितक्या खराब, तितकं प्रमाण अधिक. पण याच कामात आणखी एक गोष्ट होती. हिरड्या फारच खराब असलेल्या काहींच्या रक्तात दाताला हात लावण्याआधीच जंतू होते. जगाने पहिली गोष्ट उचलली. दुसरी पन्नास वर्षं तशीच पडून राहिली, आणि माझ्या मते आजच्या आईबापांच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

हे जंतू निरोगी हृदयात टिकत नाहीत, वाहून जातात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. भोक असलेल्या किंवा झडप अरुंद असलेल्या हृदयात तसं होत नाही. पालिकेच्या नळावर अंगठा दाबला की पाणी जसं चिळकांडी मारून बाहेर पडतं, तसं रक्त त्या अरुंद वाटेने जोरात उडतं. जिथे आदळतं, तिथलं अस्तर खरवडलं जातं. खरवडलेल्या जागी रक्त गोठवणाऱ्या चपट्या पेशी (प्लेटलेट्स) आणि तंतू जमतात, आणि फिरत आलेल्या जंतूंना बसायला जागा मिळते.

पेनिसिलिन हाताशी आल्यावर उपाय सरळ वाटला. १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने पहिली सूचना काढली: जन्मजात किंवा ऱ्हुमॅटिक तापातून आलेला हृदयविकार असेल, तर दात काढण्याआधी पेनिसिलिन द्या. साठच्या दशकात तर दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत इंजेक्शनं होती. पुढे ती कमी होत होत १९९७ पर्यंत एका मात्रेवर आली. आज मुलांसाठी अॅमॉक्सिसिलिन वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम, कामाच्या अर्धा ते एक तास आधी, एवढंच.

मुंबईत हे सगळं जरा वेगळ्या रस्त्याने आलं. शहरातल्या मुलांच्या हृदयविकाराची मोठी गोष्ट दीर्घकाळ जन्मजात भोकाची नव्हती, ऱ्हुमॅटिक तापाची होती. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं, एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरायचा. त्या घशाच्या जंतूनंतर सांधे सुजायचे, आणि सांध्यांची सूज ओसरली तरी झडप कायमची बिघडायची. १९२६ मध्ये सुरू झालेलं केईएम आणि १९२९ चं वाडिया मुलांचं हॉस्पिटल, दोन्ही परळलाच, गिरणगावाच्या कुशीत. केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांच्या पथकाने फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपणापर्यंत मजल मारली, जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. दातांचं शिक्षण तेव्हा दुसरीकडेच वाढत होतं. नायर डेंटल कॉलेज १९३३ चं, आज मुंबई सेंट्रलला. सरकारी डेंटल कॉलेज सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात. हृदय परळला आणि दात बसने अर्धा तास लांब, असा या शहराचा नकाशाच होता.

ऱ्हुमॅटिक तापाच्या मुलांना पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. घरोघरी त्याचं नाव ‘एकवीस दिवसांचं इंजेक्शन’. ते दुखतं, मूल आदल्या रात्रीपासून रडतं, तरी आया चुकवत नाहीत. मात्र त्यातून एक समजूत पक्की बसली: पेनिसिलिन चालूच आहे, म्हणजे दाताचाही बंदोबस्त झाला. तसं नाही. हे इंजेक्शन घशाच्या जंतूसाठी असतं. उलट, कायम पेनिसिलिनवर असलेल्या मुलाच्या तोंडातले जंतू त्या औषधाला सरावलेले असू शकतात, म्हणून दात काढताना वेगळ्या गटातलं अँटिबायोटिक सुचवलं जातं. हा फरक कोणी फळ्यावर काढून दाखवला, तर आया लगेच समजतात. ओपीडीत तेवढा वेळ नसतो, हेही खरं.

आता घरात डोकावू. हृदयाचं मूल दूध ओढताना दमतं, घामाघूम होतं, म्हणून थोडं थोडं, वारंवार पाजतात. वजन वाढावं म्हणून बाटलीत साखर. रात्री उठून पुन्हा बाटली. औषधाची पाव गोळी दोन चमच्यांमध्ये चिरडून मधात कालवायची आणि मूल झोपेत असतानाच ओठांतून सोडायची, कारण जागं असलं तर थुंकतं. तो मध रात्रभर दातांवर. गोड सिरपं वर्षानुवर्षं घेणाऱ्या मुलांचे दात जास्त किडतात, हे ब्रिटनमध्ये १९७९ मध्येच दाखवलं गेलं होतं. त्यात लघवी वाढवणाऱ्या औषधांनी तोंड कोरडं पडतं. वरचे पुढचे चार दात आधी खडूसारखे पांढरे, मग तपकिरी, मग हिरडीपाशी मोडलेले. खालचे मात्र बरे राहतात, कारण बाटली ओढताना जीभ त्यांच्यावर पसरलेली असते. दातांच्या डॉक्टरला हे बघताक्षणी कळतं. आजी म्हणते, “मॅडम, दुधाचेच आहेत ना, पडतीलच की.”

आजीचं हे वाक्य आणि शेजारच्यांचं ‘हार्टच्या पेशंटचा दात काढायचा नसतो’ हे वाक्य, दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. एकाने दुर्लक्ष होतं, दुसऱ्याने भीती बसते. वरचा दात काढला की डोळा जातो, ही तिसरी आहेच. भीती फक्त आईबापांना असते असंही नाही. गल्लीतला डेंटिस्ट फाइलवर ‘कार्डियाक’ शब्द वाचतो आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवतो. त्याचंही फार चुकत नाही: हृदयविकारामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळसर पडणाऱ्या मुलांमध्ये रक्तस्राव लवकर थांबत नाही, झडप बसवलेली असेल तर रक्त पातळ करायची गोळी चालू असते. पण साधी दातसफाईसुद्धा नाकारली गेली की आई एकच अर्थ काढते, आपल्या मुलाच्या दाताला हात लावणं धोक्याचं.

दाताला हात न लावताही रक्तात जंतू असतात, ही १९३५ पासून पडून राहिलेली दुसरी गोष्ट १९८४ मध्ये कोणीतरी पुन्हा हातात घेतली. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ गुंथरॉथ यांनी हिशेब मांडला. दात काढल्यावर रक्तात जंतू राहतात ते काही मिनिटं. चावण्या-घासण्यातून मात्र महिन्याला साधारण ५,३७० मिनिटं, म्हणजे जवळजवळ नव्वद तास. आकडा अंदाजाचा होता, पण दिशा बदलली. २००८ मधल्या एका अभ्यासात नुसतं ब्रश केल्यावरही २३ टक्के लोकांच्या रक्तात जंतू दिसले. म्हणजे धोका वर्षातून एकदा डेंटिस्टच्या खुर्चीत बसण्याचा कमी आणि रोजच्या घाणेरड्या तोंडाचा जास्त.

म्हणून २००७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दाताच्या कामाआधी अँटिबायोटिकची गोळी कोणाला द्यायची, याची यादी एकदम आखडली. कृत्रिम झडप, आधी होऊन गेलेला एंडोकार्डायटिस, निळसर मुलांचा दुरुस्त न झालेला विकार, भोक पॅचने किंवा डिव्हाइसने बुजवल्यानंतरचे पहिले सहा महिने, पॅचच्या कडेला गळती उरली असेल तर, आणि प्रत्यारोपण झालेल्या हृदयाची झडप बिघडली असेल तर, गोळी एवढ्यांनाच. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये ती सगळ्यांचीच बंद करायला सांगितली आणि २०१६ मध्ये ‘सरसकट नको’ असा शब्द घालून थोडी माघार घेतली. ऱ्हुमॅटिक झडपेचे रुग्ण अमेरिकेच्या यादीतून बाहेर गेले, पण आपल्याकडे अनेक डॉक्टर त्यांना आजही गोळी देतात. ऱ्हुमॅटिक आजार जिथे अजून घरात आहे, तिथे अमेरिकेची यादी जशीच्या तशी उचलणं मलाही पटत नाही.

या सगळ्या बदलात मधल्या मध्ये आईबाप राहिले. पूर्वी त्यांना सांगितलं जायचं, ‘दात काढायच्या आधी गोळी घ्या.’ आता सांगतात, ‘तुमच्या मुलाला गोळीची गरज नाही.’ दोन्ही सूचनांमध्ये ब्रश कुठेच नाही. तज्ज्ञांच्या कागदावर तो वरच्या ओळीत आहे: दिवसातून दोनदा घासणं, जास्त धोका असलेल्यांनी वर्षातून दोनदा दात दाखवणं. पहिला दात आल्यापासून फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी, औषधानंतर पाण्याने पुसून घेणं. एवढंसंच आहे, पण ते हृदयाच्या डॉक्टरला दाताचं वाटतं आणि दाताच्या डॉक्टरकडे मूल पोचेपर्यंत चार वर्षांचं होतं.

शाळा-अंगणवाडीतल्या मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये मुंबईच्या शेजारी, पालघरलाच सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे, ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे आणि किडलेले दातही आहेत. तिन्ही वेगवेगळ्या ओळींत.

परवा ओळखीतल्या एका बाईने मला विचारलं. मुलगी साडेपाच वर्षांची, भोक बुजवून वर्ष झालेलं. “ताई, ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की जंतू हार्टला जातात, असं ऐकलं. म्हणून दिवाळीपासून मी ब्रश बंदच केलाय, बोटाने मंजन लावते. बरोबर ना?” तोंड उघडून बघितलं तर हिरड्यांच्या कडा लाल, फुगलेल्या, दातांवर पिवळी पुटं. रक्त ब्रशमुळे येत नव्हतं. ब्रश न केल्यामुळे येत होतं. तिला तसं सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “मग मऊवाला घ्यायचा की साधा चालेल?” मऊवाला घ्या, म्हटलं, आणि हिरडीला लागूनच घासा.