फुगवायची कयाक: सगळा खेळ हवेच्या दाबाचा

कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी, लांबट होडी. त्यातली हवा भरून फुगवायची कयाक म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, पाण्यात फुटली तर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली, आंबेवाडीत एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) जवान रबरी बोटी घेऊन आले होते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या पण हवा भरलेल्याच बोटी. अशा बोटींच्या ट्यूबमध्ये दाब असतो साधारण ३ ते ३.५ पीएसआय (एका चौरस इंचावर किती पौंड जोर, ते दाबाचं माप), आणि आपल्या चारचाकीच्या टायरात असतो ३० ते ३२. म्हणजे टायरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या दाबावर ती बोट आठ-दहा माणसं घेऊन पुराच्या पाण्यातून जाते. हे कसं जमतं ते एकदा डोक्यात बसलं की कयाक कुठली घ्यायची, किती भरायची, कुठं उतरवायची याची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात, म्हणून आधी तेच बघू.

तरंगणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. तुमचं वजन ७५ किलो, कयाक १५ किलो, पाण्याची बाटली-डबा-पिशवी धरून अजून ५, एकूण ९५ किलो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे ९५ लिटर पाणी बाजूला सारलं की विषय संपला. कयाकचा पाण्याला टेकलेला भाग ३ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद धरला तर ती जेमतेम सव्वापाच सेंटीमीटर पाण्यात बसते, चार बोटं सुद्धा नाही. आपल्याकडं गुळाच्या काहिलीत बसून लोकांनी नद्या ओलांडल्यात. काहिल लोखंडाची, चांगली जड, तरी तरंगते कारण ती पसरट आहे आणि भरपूर पाणी बाजूला सारते. कयाकच्या सगळ्या कप्प्यांत मिळून २००-३०० लिटर हवा सहज असते, त्यामुळं तीनपैकी एक कप्पा गेला तरी उरलेले दोन तुम्हाला काठापर्यंत तोलून धरतात. मात्र कप्पे खरंच वेगळे पाहिजेत, प्रत्येकाचा व्हॉल्व वेगळा पाहिजे. एकाच व्हॉल्ववर सगळी फुगणारी वस्तू पोरांच्या खेळातली आहे, तळ्यात न्यायची नाही.

मग दाब कशासाठी? आकार टिकवायला. कयाकला ना लाकडी फासळ्या ना फायबरचं अंग, तिची हाडं म्हणजे आत कोंडलेली हवा. तुम्ही मधे बसता, वजन सगळं मधे, पाणी मात्र पूर्ण लांबीभर खालून ढकलतंय, त्यामुळं मधला भाग खाली दबायला बघतो आणि दोन्ही टोकं वर उचलतात. हे वाकणं अडवायची ट्यूबची ताकद दाबाच्या प्रमाणात वाढते आणि ट्यूबच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब निम्मा झाला तर ताकद निम्मी, पण ट्यूब २५ सेंटीमीटरऐवजी ३० सेंटीमीटर जाडीची असेल तर तेवढ्याच दाबात ताकद जवळपास पावणेदोन पट. पुराच्या बोटीला कमी दाब का पुरतो याचं उत्तर हेच, तिच्या ट्यूबा चांगल्या कवेत धरायला लागतील एवढ्या असतात.

आता कुणी म्हणेल मग दाबच वाढवू की, २ च्या जागी ८ भरू. इथं कापड आडवं येतं. ट्यूबच्या कापडावर पडणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. २६ सेंटीमीटर जाडीच्या ट्यूबमध्ये २ पीएसआय भरले तर कापडाच्या प्रत्येक सेंटीमीटर रुंदीवर पावणेदोन किलोच्या वर ओढ पडते. ८ भरले तर सात किलोच्या पुढं, आणि ही ओढ पडते ती चिकटवलेल्या जोडावर सुद्धा. साधी पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकच्या कापडाची कयाक तिथंच उसवते. म्हणून व्हॉल्वजवळ छापलेला आकडा नीट वाचा, बहुतेक साध्या कयाकचा तो १ ते ३ पीएसआयच्या आत असतो, आणि एकाच कयाकमध्ये बाजूच्या ट्यूबचा वेगळा आणि तळाचा वेगळा असू शकतो. पेट्रोल पंपावरची हवेची नळी याला लावायची नाही. तिकडं टायरच्या दाबाचा हिशोब, इथं एक-दोन पीएसआयची हद्द, काटा हलायच्या आत जोड गेलेला असतो.

ड्रॉप स्टिच नावाचा जो प्रकार हल्ली महागड्या कयाकमध्ये येतोय त्यानं ही अडचण मस्त सोडवलीय. त्यात वरचं कापड आणि खालचं कापड यांच्यामधे हजारो बारीक दोरे विणलेले असतात, आपली कापसाची गादी फुगू नये म्हणून तिला आरपार टाके घालतात ना, अगदी त्यातलाच प्रकार. दोरे दोन्ही थरांना एकमेकांपासून लांब जाऊ देत नाहीत, त्यामुळं हवा भरली तरी ते गोल न होता सपाट फळीसारखं राहतं आणि ८-१० पीएसआय आरामात सोसतं. किती जोर असतो बघा, ८ पीएसआयला एका चौरस मीटरवर साडेपाच टनांच्या वर, आणि हा सगळा भार ते दोरे वाटून घेतात. टिचकी मारली तर लाकडाच्या दारावर मारल्यासारखा आवाज येतो.

माझं मत विचाराल तर पहिली कयाक घेणाऱ्यानं बाजू साध्या ट्यूबच्या आणि फक्त तळ ड्रॉप स्टिचचा अशी घ्यावी. तळ कडक असला की मधे दबत नाही, आणि बाजूच्या गोल ट्यूबमुळं तोल चांगला राहतो. सगळीच ड्रॉप स्टिचची कयाक पाण्यावर वेगात जाते, पण घडी मोठी होते, वजन वाढतं, आणि शांत पाण्यात सकाळी तासभर फिरणाऱ्याला तेवढ्या वेगाची गरज पण नसते.

आता तो भाग जो लोकांना माहीतच नसतो. गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या काट्यावर, दिसणारा दाब हा बाहेरच्या हवेच्या वर किती जास्त, एवढंच सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं बाहेरच्या हवेचाच दाब १३.८ पीएसआयच्या आसपास आहे. तुम्ही सकाळी २२ अंशाला २ पीएसआय भरले म्हणजे आत एकूण १५.८ झाले. कयाक तशीच घाटावर उन्हात ठेवली, गडद रंगाचं पीव्हीसी तापून आतली हवा ५० अंशाला गेली. तापमान केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, धरलं तर २९५ वरून ३२३, वाढ फक्त साडेनऊ टक्के. पण ही साडेनऊ टक्के वाढ एकूण १५.८ वर लागते, आत होतात १७.३, आणि त्यातून बाहेरचे १३.८ वजा केले की गेजवर ३.५. दोनाचे साडेतीन झाले आणि तुम्ही पंपाला हात सुद्धा लावला नाही! कापड थोडं ताणतं म्हणून प्रत्यक्षात वाढ जराशी कमी येते, पण जोड उसवायला तेवढीही पुरते.

उलट पण होतं. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशात काठावर बरोबर २ भरले, कयाक २५ अंशाच्या पाण्यात सोडली, थोड्या वेळात आतली हवा गार झाली की गेजवर १.३-१.४ राहतात. बाजू अंगठ्यानं दाबल्या की आत जातात, बूड मधे दबतं, आणि लोक म्हणतात गळती आहे, कंपनीनं फसवलं. गळती नसते, हवा गार झालेली असते. म्हणून काठावर जराशी कमीच भरायची, पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजू द्यायची, मग गेज लावून पुरी करायची, आणि बाहेर काढली की उन्हात ठेवायच्या आधी थोडी हवा सोडायची. खरी गळती शोधायची असेल तर साबणाचं पाणी व्हॉल्ववर आणि जोडांवर सोडा, बुडबुडे येतात ती जागा.

पंप पण बघून घ्या. सायकलचा पंप एका झटक्यात पाव-अर्धा लिटर हवा देतो, त्यानं अडीचशे लिटर भरायचे म्हणजे खांदे गेले. उभा हातपंप, खाली दाबताना आणि वर ओढताना दोन्ही वेळेला हवा देणारा, तो घ्या, दहा मिनिटांत काम होतं आणि गरम पण होतं अंग.

लांबी-रुंदीचा हिशोब असा की रुंदीनं तोल मिळतो आणि लांबीनं वेग. कलंडायला विरोध हा रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ७५ ऐवजी ९० सेंटीमीटर रुंद कयाक एकदम स्थिर वाटते, नवख्याला, पोराला सोबत घेणाऱ्याला ती बरी. पण रुंद कयाक पाणी जास्त ढकलते आणि हळू जाते. एकट्यासाठी ३ मीटरच्या आसपास, दोघांसाठी ४ मीटरच्या आसपास लांबी ठीक. वेगाच्या आकड्यात फार अडकू नका, फुगवायची कयाक चालणाऱ्या माणसाच्याच चालीनं जाते, ताकद दुप्पट लावली तरी वेग दुप्पट होत नाही कारण पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढत जातो.

मागच्या बुडाला एक फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, लागते, ती लावायला विसरू नका. हवेची कयाक पाण्यात उथळ बसते, डाव्या बाजूला वल्हं मारलं की तोंड उजवीकडं वळतं, उजव्या बाजूला मारलं की डावीकडं, आणि निम्मी ताकद वेडंवाकडं जाण्यात जाते. फिन मागचं टोक आडवं सरकू देत नाही आणि कयाक सरळ चालते. फक्त एक, आपल्या तळ्यांत आणि पंचगंगेत केंदाळ (जलपर्णी) असतं, त्याची मुळं फिनला गुंडाळली की कयाक जागच्या जागी. केंदाळाच्या पट्ट्यात शिरायचंच नाही, आणि शिरलात तर पुढं जोर न लावता उलटं वल्हवून बाहेर या. वल्हं २३० सेंटीमीटरच्या आसपासचं घ्या, रुंद कयाकला त्याहून आखूड वल्हं पुरत नाही, हात बाजूच्या ट्यूबवर आपटतात. आणि पातं पूर्ण बुडवून पायाच्या बोटांपासून कमरेपर्यंतच ओढायचं, नुसत्या दंडानं न ओढता कंबरेतून वळायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत.

वाऱ्याचं लोकांना कौतुक वाटतं, कयाकला मात्र त्याचा खरा त्रास. बाजू उंच, वजन हलकं, खाली बूड उथळ, सगळं वाऱ्याच्या सोयीचं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, ताशी १० किलोमीटरचा वारा २० झाला की धक्का चौपट. म्हणून सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध करायची, दमल्यावर परत येताना तोच वारा ढकलत आणतो. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही, ढग गडगडले की लगेच बाहेर, मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बंधारे. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाळा संपला की खांबांच्या मधे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. वरून बघितलं तर बंधाऱ्याच्या मागचं पाणी तळ्यासारखं शांत, कयाकला एकदम झकास. पण पाणी बंधाऱ्यावरून पडत असेल तर खाली ते तळाशी जाऊन वर येतं आणि परत बंधाऱ्याकडंच वळतं, असा आडवा भोवरा पूर्ण रुंदीभर फिरत राहतो. त्यात अडकलेली वस्तू बाहेर पडत नाही, परत परत आत ओढली जाते. शिवाय त्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्याची घनता कमी, म्हणून त्यात माणूस आणि जॅकेट दोन्ही कमी तरंगतात. बरगे काढलेले असतील तर वेगळा धोका, दोन खांबांच्या मधून पाणी जोरात खेचलं जातं आणि कयाक आडवी होऊन खांबांवर दाबली जाते. हवेची आहे म्हणून ती सुटत नाही, उलट खांबाला गुंडाळली जाते. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा असो की गावाकडचा छोटा, वरच्या अंगाला कयाक घेऊन जवळ जायचंच नाही, आणि खालून बघायला पण जायचं नाही.

पावसाळ्यात नदी तर सोडूनच द्या. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की ते आपले आपण उघडतात आणि पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत पाणी येतं, त्यावेळी शहरात ऊन पडलेलं सुद्धा असू शकतं. कृष्णेकडं सांगलीच्या बाजूला जाणार असाल तर तिथं मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर नक्की, तिथं हलकी कयाक नकोच. नवख्यानं तळ्यापासून सुरुवात करावी, तेही परवानगी विचारून. रंकाळ्यासाठी महापालिका, राधानगरी-दाजीपूरकडं अभयारण्य आहे म्हणून वनविभाग. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव, तिथं नकोच.

लाइफ जॅकेट घालणं यात चर्चेला जागा नाही. माणूस ७५ किलोचा असला तरी पाण्यात त्याचं वजन जेमतेम काही किलो भरतं, म्हणून पोहता येणाऱ्यासाठी ५० न्यूटनचं, म्हणजे सुमारे ५ किलो उचलणारं जॅकेट पुरतं. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं घ्या, ते तोंड पाण्याच्या वर ठेवायला जास्त मदत करतं, आणि पट्टे आवळा, सैल जॅकेट पाण्यात वर सरकून कानाशी येतं.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची. यात वास आणि बुरशी टाळणं आहेच, पण केंदाळाचा एक छोटा तुकडा फिनच्या खाचेत राहिला आणि पुढच्या रविवारी तुम्ही दुसऱ्या तळ्यात उतरलात तर ते तिथं पसरू शकतं, त्यामुळं खाच बोटानं साफ करून बघा. भोक पडलं तर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन वापरू नका, ते रबरासाठी आहे, पीव्हीसीतल्या मऊ ठेवणाऱ्या रसायनांमुळं ते धरत नाही. पीव्हीसीचाच तुकडा आणि पीव्हीसीचंच सोल्युशन लागतं, आधी जागा साफ करायची, दोन्हीकडं पातळ थर लावायचा, जरा चिकट झाला की दाबायचं, आणि रात्रभर हवा भरायची नाही. घडी दरवेळी वेगळ्या जागी घाला, आणि पोटमाळ्यावर टाकणार असाल तर झाकणाच्या डब्यात ठेवा, उंदीर पीव्हीसी कुरतडतात.