ग्रँड कॅन्यन : सृष्टिसौंदर्य व हवामान

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ही घळई सुमारे 446 किमी. लांब असून तिची रुंदी काही ठिकाणी 29 किमी.पर्यंत, तर खोली 1,800 मी.हून अधिक आहे. काठावरचा फिकट कैबाब चुनखडक सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीचा, तर तळाशी नदीलगत उघडी पडलेली काळपट विष्णू सुभाजा (पापुद्रे असलेला रूपांतरित खडक) सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीची आहे. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने येथील सुळक्यांना विष्णू, शिव अशा देवतांची नावे दिली आणि ती नकाशांत कायम झाली. कठीण थरांचे उभे कडे आणि मऊ थरांचे उतार एकाआड एक येत असल्याने भिंतींना पायऱ्यांचा आकार आला आहे. सह्याद्रीतही असे टप्पे दिसतात, पण ते लाव्हाच्या थरांचे. लालभडक दिसणारा रेडवॉल चुनखडक मुळात करडा असून वरच्या थरांतून झिरपणाऱ्या लोहयुक्त पाण्याने त्याचा केवळ पृष्ठभाग रंगला आहे.

येथील हवामान ऋतूइतकेच उंचीवर ठरते. दक्षिण काठ सुमारे 2,100 मी., उत्तर काठ सुमारे 2,400 मी. उंचीवर आहे, तर फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणाजवळचा तळ जेमतेम 750 मी.वर आहे. त्यामुळे उन्हाळ्यात काठावर हवा सुखद असताना तळाशी पारा वारंवार 40° से.च्या वर जातो. दिवसा तापलेले कातळ रात्रीही उष्णता सोडत राहतात. उत्तर काठावर हिवाळ्यात इतके बर्फ पडते की तेथील रस्ता बंद ठेवावा लागतो. पाऊसही असाच विभागलेला आहे : उत्तर काठावर वर्षाला सुमारे 65 सेंमी., दक्षिण काठावर 40 सेंमी. आणि तळाशी 20 सेंमी.च्या आसपास. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी गडगडाटी सरी कोसळतात व कोरड्या उपघळयांना अचानक पूर येतात. मात्र पुष्कळदा पावसाचे थेंब तळाशी पोहोचण्यापूर्वीच हवेत विरून जातात. हिवाळ्यात क्वचित थंड, दमट हवा खाली कोंडून सारी घळई ढगांनी काठोकाठ भरते आणि केवळ सुळक्यांचे माथे वर राहतात.

भूप्रदेशाचा उतार दक्षिणेकडे असल्याने उत्तर काठावरील पाणी घळईत उतरते, तर दक्षिण काठावरील पाणी घळईपासून दूर वाहते. परिणामी उत्तरेकडील उपघळया लांब व खोल झाल्या असून नदी दक्षिण काठाच्या अधिक जवळ आहे. 1963 मध्ये वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवण्यास सुरुवात झाल्यापासून एकेकाळी गाळाने तांबूस असलेला प्रवाह बहुतांश काळ हिरवट व थंड असतो आणि नवा गाळ न मिळाल्याने काठचे वाळूचे पट्टे झिजत आहेत.