हालचालीवरून व्हिडिओशोध

माणसाच्या हालचालीचा नमुना देऊन साठवलेल्या चित्रणातून तशाच हालचालीचे तुकडे हुडकण्याची पद्धत. येथे तिच्या इंटरफेसचा, म्हणजे हवी ती हालचाल यंत्राला सांगायची कशी याचा, प्रामुख्याने विचार केला आहे.

आरंभ कोठे धरावा, हे निर्विवाद नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात काळ्या पोशाखावर चकचकीत पट्ट्या लावून चालणाऱ्या माणसाची रेघांची आकृती टिपली. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये सांध्यांवरच्या मोजक्या प्रकाशबिंदूंवरून चाल ओळखता येते, हे दाखवले. दोघेही पूर्वसूरी खरे, पण त्यांच्या कामात शोध घेणे नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या ‘व्हिडिओक्यू’ या व्हिडिओशोध प्रणालीत (१९९७) पडद्यावर रेघ ओढून गतिमार्ग देता येई, मात्र तो कोणत्याही वस्तूचा, शरीराचाच असे नव्हे. म्यूलर, रोडर व क्लाउझेन या संशोधकांनी २००५ मध्ये ‘उजवे पाऊल डाव्याच्या पुढे आहे का?’ अशा होय-नाही प्रश्नांतून हालचाली शोधल्या. त्यांची सामग्री मोशन कॅप्चरची, म्हणजे शरीराच्या हालचालीच्या थेट मोजलेल्या नोंदींची होती, व्हिडिओची नव्हती. तरी शरीर हाच शोधाचा विषय झाल्याने आरंभ येथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. साध्या चित्रणातून सांध्यांच्या जागा काढणे ‘ओपनपोझ’सारख्या साधनांमुळे २०१७ च्या सुमारास सुकर झाले.

हालचाल रेघेने, पडद्यावरचा पुतळा वळवून किंवा कॅमेऱ्यासमोर स्वतः करून सांगता येते. करून दाखवणे सर्वांत सोपे, पण त्यात शोधणाऱ्याचा संथपणा वा घाईही उतरते. वेगातला हा फरक डायनॅमिक टाइम वार्पिंगने, म्हणजे काळ हवा तिथे ताणून वा आकसून दोन नमुने जुळवण्याच्या पद्धतीने, जुळवता येतो. आधी ती पद्धत यंत्राने उच्चारलेले शब्द ओळखावेत यासाठी रूढ होती. डावे-उजवे आणि कॅमेऱ्याचा कोन यांची सूट किती द्यायची, हे मात्र शोधणाऱ्यावर सोडावे.

नाशिकच्या रामकुंडावरील स्नान हे यातील अवघड उदाहरण. डुबकी घेणाऱ्याचे कमरेखालचे सांधे पाण्यात, उरलेले शेजाऱ्याच्या खांद्याआड. म्हणून ‘फक्त डोके व हात पाहा’ असे सांगण्याची सोय इंटरफेसमध्ये हवी. नाहीतर वाकून लोटी भरणाराही डुबकीच्या निकालात येतो.

नाशिकला स्थायिक झालेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघांची कामे अण्णा साळुंके यांनी केली. सांध्यांच्या आकृतीत पोशाख गळून पडतो. तेव्हा रामाची चाल नमुना म्हणून दिली, तर सीता निकालात यावी की नाही? त्या चित्रपटाचे तुकडेच उरले असल्याने ही कसोटी तूर्त कागदावरची.