ओठावरचा फोड : आंब्याचा चीक की हर्पिस?

एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीकडे कुणाच्या ओठाशी फोड दिसला की निदान ठरलेलं असतं: चीक लागला. पुष्कळदा ते बरोबरही असतं. रायवळ आंबा डेखाजवळचा चीक पिळून न टाकता तसाच चोखला, तर ओठ आणि हनुवटी भाजते. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. त्यांच्या चिकाची ॲलर्जी असली तर एक ते तीन दिवसांनी लाल पुरळ उठतं. चीक जिथे जिथे ओघळला तिथे ते पसरतं आणि सपाटून खाजतं.

हर्पिस म्हणजे विषाणूमुळे येणारे फोड. तो आधी चुणचुणतो. काही तास, कधी दिवसभर, ओठाच्या कडेला एकाच जागी आग होते. मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, फुटतो, खपली धरते आणि साधारण ७ ते १० दिवसांत बरा होतो. तापात ओठावर उठतात ते बहुधा हेच फोड. पुढच्या खेपेलाही ते जवळपास त्याच जागी येतात, कारण हर्पिसचा हा विषाणू, एचएसव्ही-१, चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत जन्मभर दडून बसतो. ताप, दगदग आणि कडक ऊन त्याला उठवतात. घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन दिवसभर बागेत असणाऱ्याला किंवा किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्याला हे ऊन नेमकं आंब्याच्याच दिवसांत लागतं. गल्लत होते ती इथेच.

ती महागात पडते मलमामुळे. चिकाच्या पुरळावर डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतात. घरात उरलेली तीच ट्यूब हर्पिसवर चोळली, तर विषाणूला आयतं रान मिळतं. हर्पिसवर ५ टक्के ॲसायक्लोव्हिरचं मलम दिवसातून ५ वेळा, ४-५ दिवस लावतात, तेही चुणचुण सुरू होताच. फोड फुटल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. चीक लागला असेल तर लगेच साबण-पाण्याने धुवावं. चुना मात्र कशावरच लावू नये.

फोड ओला असेपर्यंत पेला, पंचा, लिपबाम वेगळा ठेवावा. खोबरेल लावायचंच तर थोडं वेगळं काढून घ्यावं, घरच्या बाटलीत बोट नको. मलम लावल्यावर हात धुवावेत, डोळे चोळू नयेत. तान्ह्या बाळाचा पापा तर अजिबात घेऊ नये, नवजात बाळाला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. लहान मुलाला ताप आला, हिरड्या सुजून लाल झाल्या आणि ते पाणीही पीत नसेल, तर तो पहिल्यांदाच झालेला हर्पिस असू शकतो. तोंडाच्या आगीपेक्षा तिथे अंगातलं पाणी कमी होण्याची भीती मोठी, तेव्हा दवाखाना गाठावा.

गालाच्या किंवा ओठाच्या आतल्या बाजूला येणारे पिवळट तळाचे, लाल कडेचे व्रण वेगळे. ‘तोंड आलं’ म्हणतात ते हे. ते संसर्गजन्य नसतात. वारंवार येत असतील तर लोह आणि बी-१२ तपासून घ्यावं.

मिश्री लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तोंडातला पांढरा थर ओल्या कापसाने पुसून निघाला, तर बहुधा कॅन्डिडा ही बुरशी असते. मधुमेह आणि रात्रीही न काढलेली कवळी तिला पोसतात. पुसून न निघणारा चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला कुठलाही व्रण, मग तो दुखत नसला तरी, दंतवैद्याला दाखवावा.