कानाच्या पडद्यामागचा डिंक

बेळगावहून चोर्ला घाट उतरताना कानात दडा बसतो आणि आवंढा गिळला की टक् करून सुटतो. खाली येऊ तसा बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो. गिळताना नाकामागची कंठकर्णनलिका क्षणभर उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. मोठ्या माणसात ही नळी सुमारे ३५ मिलिमीटर लांब आणि तिरकी असते. तान्ह्या बाळात जेमतेम निम्मी, शिवाय जवळजवळ आडवी. म्हणून सर्दी झाली की मुलांची नळी चटकन तुंबते.

पडद्यामागच्या पोकळीत एक-दोन मिलिलिटर हवा मावते. तिच्या ओल्या अस्तरात, मुख्यतः नळीच्या तोंडाशी, दोन प्रकारच्या पेशी जोडीने काम करतात. चषकपेशी वर फुगीर, खाली देठासारख्या निमुळत्या. त्यांच्या पोटात म्यूसिन नावाचे प्रथिन दाबून भरलेले असते. ते बाहेर पडताच पाणी शोषून सब्जाच्या बीसारखे फुगते. हाच शेंबडाचा पातळ थर. त्यात धूळ-जंतू अडकतात आणि शेजारच्या केसाळ पेशी तो थर नळीतून घशाकडे ढकलतात. निरोगी कानात चषकपेशी थोड्याच असतात, आणि तेवढ्या पुरतात.

नळी बंद राहिली की आतली हवा अस्तर शोषून घेते, दाब घटतो, पोकळीत पाणी झिरपते. त्यात जंतूंमुळे सूज आली तर अस्तरातल्या साध्या पेशींचेही चषकपेशींत रूपांतर होते. मग म्यूसिन इतके साचते की केसाळ पेशींना ते हलवता येत नाही. हाच पडद्यामागचा डिंक. शस्त्रक्रियेत तो ओढून काढताना फणसाच्या चिकासारखी तार सुटते.

कान दुखत नाही, वाहतही नाही. म्हणूनच हा आजार (इंग्रजीत 'ग्लू इअर') लक्षात येत नाही. ऐकू येणे सरासरी २५-३० डेसिबलने घटते, म्हणजे कुजबुज गेलीच. 'स', 'फ', 'त' हे हलके ध्वनीही निसटतात. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड शिकणाऱ्या खानापूर-निपाणीकडच्या पोराला हे फार महागात पडते. पोर टीव्हीचा आवाज वाढवत असेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी टिंपॅनोमेट्री, म्हणजे कानातला हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते पाहणारी तपासणी, करून घ्या. आलेख सपाट आला की पडद्यामागे द्रव असण्याची शक्यता मोठी.

कोमट तेल घालू नका. पडदा शाबूत असेल तर ते आत पोहोचतच नाही, फाटलेला असेल तर जंतू आत नेते. सर्दीच्या गोळ्यांनी किंवा अँटिबायोटिकनेही हा डिंक सुटत नाही. बहुतेक मुलांत तो आपोआप निचरतो, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिने वाट पाहतात. तोवर बाळाला आडवे झोपवून बाटली देऊ नका, घरात विडी-सिगारेटचा धूर नको. मोठ्या माणसाच्या एकाच कानात असे पाणी टिकले, तर मात्र वाट न पाहता नाकामागची तपासणी करायलाच हवी.

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत द्रव आणि ऐकू कमी, असे असेल तर पडद्यात ग्रोमेट बसवतात. मधोमध साधारण एक मिलिमीटरचे भोक असलेली ही चिमुकली कडी. तिचे खरे काम शेंबूड काढणे नव्हे, हवा आत सोडणे. हवा खेळू लागली की जादा चषकपेशी हळूहळू कमी होतात. सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात पडदा कडीला स्वतःच बाहेर ढकलतो आणि बहुतेक वेळा भोकही भरून येते. तोवर विहिरीत सूर मारायचा नाही. डोक्यावरून आंघोळ घालताना साबणाचे पाणी कानात जाऊ द्यायचे नाही.